नागातातला लोखंडी माणूस आणि आमचं माळवद

जपानहून परत येऊन दोन महिने झाले. भेटेल तो विचारतो, क्योटो कसं होतं, फुजी दिसला का. फुजी ढगात होता. क्योटोत गर्दीनं जीव नकोसा झाला, दोन देवळं बघून आम्ही खोलीवर परत आलो. नारातली हरणं लेकाला आवडली. सहा दिवसांचं एवढंच सांगण्यासारखं आहे. मला लिहायचंय ते सातव्या दिवसाबद्दल, कोबे शहराच्या नागाता भागातल्या एका बागेबद्दल आणि तिथं उभ्या असलेल्या लोखंडी माणसाबद्दल.

लेक चौदा वर्षांचा आहे आणि गुंडमचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकांमधल्या महाकाय रोबोंचा, वेडा आहे. ही सहलही बरीचशी त्याच्या हट्टानं ठरली. टोकियोत पहिल्याच दिवशी तो मला ओदाइबाला घेऊन गेला. तिथं मॉलसमोर जवळजवळ वीस मीटर उंचीचा पांढरा युनिकॉर्न गुंडम उभा आहे. ठरलेल्या वेळी त्याच्या चिलखतातल्या फटी उजळतात, कपाळावरचं शिंग दुभंगतं. शेकडो लोक फोन वर धरून उभे होते. लेकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला बरं वाटलं. पण मी त्या गर्दीत पाहुणीच होते. माझा रोबो वेगळा होता.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर एक जपानी मालिका लागायची. आम्ही मुलं तिला ‘जायंट रोबो’च म्हणायचो. एक पोरगा मनगटावरच्या घड्याळात बोलायचा आणि डोंगराएवढा रोबो उडत यायचा. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा टीव्ही मोजकेच. पाटलांच्या ओसरीवर तीस-चाळीस पोरं दाटीवाटीनं बसायची. बोलणं फारसं कळायचं नाही आणि कळायची गरजही पडायची नाही. माझा धाकटा भाऊ बॉलपेननं मनगटावर घड्याळ काढायचा आणि ज्वारीच्या रानात उभा राहून रोबोला हाका मारायचा.

सहलीची तयारी करताना कळलं, की तो रोबो ज्यांच्या कल्पनेतून आला ते मित्सुतेरू योकोयामा कोबेचे. आणि त्यांचा त्याच्या आधीचा, पहिला रोबो कोबेत पुरत्या मापाचा उभा केलाय. मग मी हट्ट धरला. एक दिवस माझा.

सान्नोमिया स्टेशनवरून शिन-नागाता लोकलनं चौथं स्टेशन. आम्ही घाईत जलद गाडीत चढलो आणि ती शिन-नागाता ओलांडून थेट आकाशीला जाऊन थांबली. पण ती चूक झाली ते बरं झालं. सुमाच्या पुढं रूळ समुद्राला अगदी खेटून जातात. योकोयामांचा जन्म याच सुमाचा, १९३४ सालचा. मग माइकोला तो प्रचंड झुलता पूल थेट डोक्यावरून आवाजी बेटाकडं जातो. १९९५ चा कोबेचा भूकंप झाला तेव्हा या पुलाचे मनोरे उभे होते आणि काम चालू होतं. जमीनच सरकली आणि दोन मनोऱ्यांमधलं अंतर जवळपास एक मीटरनं वाढलं. पूल त्या वाढलेल्या मापानं पुरा केला. लेकाला हे सांगितलं तर तो बराच वेळ खिडकीतून मागं वळून बघत राहिला.

उलटी लोकल पकडून शिन-नागाताला उतरलो. स्टेशनपासून चालत पाच मिनिटंही लागत नाहीत. एक इमारत ओलांडली आणि तो समोर आला.

तेत्सुजिन २८. तेत्सु म्हणजे लोखंड, जिन म्हणजे माणूस. निळं अंग, जुन्या सरदारांच्या शिरस्त्राणासारखं डोकं, टोकदार नाक. पाय फाकवून, मूठ उगारून, कुस्तीच्या पवित्र्यात उभा. सरळ उभा राहिला तर १८ मीटर भरेल. वजन सुमारे ५० टन. लेक लगेच म्हणाला, “आई, पहिल्या गुंडमची उंचीपण अठराच मीटर आहे.” मग त्यानं विचारलं, “हा हलत नाही का गं?”

हलत नाही. त्याचे दिवे लागत नाहीत, त्याला संगीत नाही, तिकीटही नाही. त्याच्या दोन पायांमधून पाच-सहा लहान मुलं पळत होती, एक जण पावलाला हात लावून डोळे मिटून आकडे म्हणत होता. बाकावर दोन आजोबा बसले होते. ते त्याच्याकडं बघतही नव्हते, इतका तो त्यांच्या रोजच्यातला. मी तिथं दीड तास बसले. लेकानंही घाई केली नाही.

मालिकेबद्दल सांगते, कारण आपल्याकडं ती फार कुणाला माहीत नाही. तेत्सुजिनची चित्रकथा १९५६ साली एका मुलांच्या मासिकात सुरू झाली. १९६३ च्या ऑक्टोबरात त्याची कृष्णधवल कार्टून मालिका टीव्हीवर आली. महाकाय रोबोंच्या जपानी कार्टून मालिका पुढं शेकड्यानं झाल्या, त्या सगळ्यांचा हा थोरला भाऊ. गोष्ट अशी: महायुद्धाच्या शेवटी जपानी लष्करासाठी गुप्तपणे एक लोखंडी अस्त्र बनत असतं. सत्तावीस प्रयोग होतात, अठ्ठाविसावा जमतो, पण तोवर युद्ध संपलेलं असतं. अस्त्र उरतं आणि ते शास्त्रज्ञाच्या लहान मुलाच्या, शोतारो कानेदाच्या हाती येतं. अर्धी चड्डी आणि टाय घातलेला हा पोरगा गाडी चालवतो, पिस्तूल बाळगतो, आणि त्याच्या हातात एक डबा असतो, दोन दांडे आणि वर अँटेना असलेला. तोच रिमोट.

या मालिकेची सगळी ताकद त्या डब्यात आहे असं मला वाटतं. तेत्सुजिनला मन नाही. चांगलं-वाईट कळत नाही, बोलता येत नाही. डबा शोतारोच्या हातात असला तर तो शहर वाचवतो. चोरांच्या हाती गेला तर तेच हात तेच शहर पाडतात. मालिकेचं शीर्षकगीतसुद्धा हेच सांगतं, की याचं भलंबुरं रिमोटवर अवलंबून आहे. मुलांच्या गाण्यात अशी गोष्ट घालायला धैर्य लागतं. म्हणून दर भागात मारामारीपेक्षा जास्त जीव अडकतो तो डबा कुणाकडं आहे यात. जुनी चित्रं आहेत, हालचाल अडखळती आहे, पण डबा हातातून निसटून चिखलात पडला की आजही पोटात गोळा येतो.

लेकाचं मत वेगळं. त्याच्या गुंडममध्ये, १९७९ च्या त्या मालिकेत, पंधरा वर्षांचा आमुरो रोबोच्या आत बसतो. “आत बसलेल्याला भीती वाटते, घाम येतो, आपण कुणाला मारलं ते त्याला कळतं. रिमोटवाल्याला काय कळणार?” त्याचं म्हणणं खोटं नाही. पण मी त्याला म्हटलं, जगात जास्त करून रिमोटवालेच असतात रे. दूर उभं राहून दांडा ओढणारे. योकोयामा लहानपणी युद्धामुळं तोत्तोरीकडं पाठवले गेले होते. परत आले तेव्हा कोबे जळून सपाट झालेलं होतं. अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी हे केलं, असं मोठी माणसं म्हणत होती. त्या विमानांच्या ताकदीनं एक पोर हादरून गेलं आणि अकरा वर्षांनी त्यानं असं यंत्र काढलं, की जे स्वतः वाईट नाही आणि चांगलंही नाही. यावर लेक काही बोलला नाही. उठला आणि रोबोच्या टाचेला हात लावून आला.

आता तो पुतळा तिथं का, ते. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटं. कोबेच्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. नागातात लहान लाकडी घरं आणि चपला-बुटांचे छोटे कारखाने दाटीनं होते, तिथं आग लागली आणि गल्ल्याच्या गल्ल्या जळाल्या. याच भागातल्या बाजारात एक जुनी आगरोधक भिंत होती. १९४५ च्या बॉम्बफेकीत ती उभी राहिली होती, १९९५ च्या आगीतही राहिली. आता ती आवाजी बेटावर नेऊन जपलीय. भूकंपानंतर नागातात उंच इमारती झाल्या, ऐसपैस बाजार बांधले, पण गेलेली गिऱ्हाइकं आली नाहीत. आम्ही फिरलो तेव्हाही कितीतरी शटर बंद होती, आणि ज्यांची उघडी होती ते दुकानदार दारात उभे होते. माणसं पुन्हा यावीत म्हणून इथल्याच लोकांनी देणग्या जमवल्या, काही पैसे महापालिकेनं दिले, आणि २००९ साली साडेतेरा कोटी येन खर्चून आपल्या भागातल्या चित्रकाराचा रोबो उभा केला. योकोयामा त्याआधी पाच वर्षं वारले होते.

भूक लागली म्हणून एका छोट्या दुकानात शिरलो. एक लांब तापलेला तवा, त्याच्याभोवती सहा स्टुलं, तव्यामागं सत्तरीच्या एक आजी. नागाताची खासियत सोबामेशी: नूडल्स आणि भात तव्यावर एकत्र टाकून उलथन्यानं बारीक कापत परततात. त्यात बहुधा बैलाचं मांस असतं. आम्ही ते खात नाही हे फोनवरच्या भाषांतरातून सांगितलं. आजींनी मान हलवली, तव्याचा एक कोपरा खरवडून, पुसून लख्ख केला आणि तिथं कोबी-अंड्याचं वेगळं करून दिलं. मागितलं नव्हतं तरी तवा पुसला. या देशात मला रांगा आवडल्या नाहीत, हॉटेलातल्या खोल्या कोंदट वाटल्या, पण तो पुसलेला कोपरा मी विसरणार नाही.

त्यांनी विचारलं, तेत्सुजिन बघायला आलात का. मी हो म्हटलं. मग काय झालं कुणास ठाऊक, मी फोनमध्ये मराठीत बोलले, “आमच्या गावालाही भूकंप झाला होता. १९९३ साली.” फोननं ते जपानीत म्हटलं. आजींनी उलथनं खाली ठेवलं. त्यांनी एकच गोष्ट विचारली: किती वाजता?

तीन छप्पन्न, पहाटे.

त्यांनी गिऱ्हाइकाच्या हिशोबाच्या कागदावर ५:४६ लिहिलं, त्याच्याखाली ३:५६, आणि डोक्याखाली हात घेऊन झोपल्याची खूण केली. मग दोन्ही हात वर नेऊन काहीतरी जड खाली आल्याचं दाखवलं. म्हणाल्या, कावारा. म्हणजे कौलं. त्यांच्या जुन्या घरांवर मातीच्या थरात बसवलेली जड कौलं असायची, वादळात उडू नयेत म्हणून. खालची लाकडी घरं ते ओझं घेऊन बसली.

आमच्याकडं माळवद होतं. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहायचं. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची, आजोबांनी टाकलेल्या थरावर वडिलांचा थर. गणपती विसर्जनाची रात्र होती, मुलं दमून झोपलेली. मी दारापाशी झोपले होते. आजी आणि भाऊ मधल्या खोलीत. भावाला काकांनी हातांनी माती उपसून दुपारी जिवंत बाहेर काढलं. आजी गेली. हे सगळं मी फोनमध्ये बोलले नाही. फक्त आकाशाकडं हात करून “माती” म्हटलं, आणि आजींना ते भाषांतराशिवाय कळलं. त्यांनी पैसे घेतले, मोडही मोजून परत दिली, आणि तो कागद घडी करून माझ्या हातात ठेवला.

परत बागेत आलो तेव्हा शाळा सुटली होती आणि रोबोच्या पायांत आणखी मुलं होती. मला इथं एक गोष्ट लागली, ती लिहितेच. आमच्याकडं ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. आमची स्मृतिस्थळं आहेत, ३० सप्टेंबरला तिथं श्रद्धांजली होते, आम्ही जातो, डोळे पुसतो, परत येतो. पण त्या जागी पोरांनी पळावं, लपाछपी खेळावी असं काही आम्ही कधी केलं नाही. माझ्या लेकाला त्या जागेची भीतीच वाटते, आणि ती मीच त्याला दिलीय. दरवेळी हात घट्ट धरून, गप्प राहायला सांगून.

संध्याकाळी भावाला रोबोचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, “आपल्या जायंट रोबोचा थोरला भाऊ.” भाऊ आता लातूरला असतो, चव्वेचाळिशीकडं आलाय. त्याचं घर चांगलं पक्कं आहे, पण तो आजही अंगणात पत्र्याखाली झोपतो. मला वाटलं, घड्याळाची आठवण काढेल, ज्वारीच्या रानाची काढेल. बऱ्याच वेळानं उत्तर आलं:

“ताई, मागं घरं दिसत्यात त्यांची छपरं कसली आहेत गं?”

मी फोटो मोठा करून बघितला. रोबोच्या खांद्यामागं उंच इमारती होत्या आणि त्यांचे माथे फोटोच्या बाहेर गेले होते.

दुसऱ्या दिवशी ओसाकाची गाडी दुपारची होती. सकाळी पुन्हा शिन-नागाताला उतरलो, यावेळी बरोबर लोकलनं. रोबोकडं न जाता आतल्या गल्ल्यांत शिरलो. तासभर माना वर करून फिरलो. लेक पुढं पुढं धावून दाखवत होता, “आई, हे बघ, हे पातळ आहे.” नवी घरं जवळजवळ सगळीच पातळ, हलक्या पत्र्यासारख्या फरशांची. एका कोपऱ्यावर मात्र एक जुनं घर होतं, जाड काळ्या कौलांचं, दारात तुळशीएवढी कसलीशी कुंडी आणि वाळत घातलेली शाळेची चड्डी.

भावाला अकरा छपरांचे फोटो पाठवले. कौलांचंही पाठवलं.