कुंडीतलं वांगं आणि ती अळी

टोमॅटो, मिरची सगळ्यांच्या गच्चीत असतात, वांगं मात्र फार कमी लोक लावतात. कारण काय तर "त्याला कीड फार". आहे ना कीड, खोटं कशाला बोला, पण तिची चाल एकदा कळली की तेवढंही अवघड नाहीये.

मी मांजरी गोटा लावते. आपल्या हडपसरच्या पलीकडच्या मांजरीचं नाव त्याला, गोल, जांभळट गुलाबी, वर पांढरे पट्टे, देठाला काटे (तोडताना हमखास टोचतात), आणि भरल्या वांग्याला एक नंबर. रोप महिन्याभराचं झालं की पंधरा इंची कुंडीत एकच, माती, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. आणि ऊन. टाकीच्या सावलीत ठेवलंत तर नुसता पाला येणार.

फुलं गळतात म्हणून लोक लगेच औषध शोधायला लागतात. अहो आधी फूल बघा. मधली हिरवी दांडी पिवळ्या पुंकेसरांच्या बाहेर आलेली असेल तर ते फूल फळतं, आतच दडलेली असेल तर ते गळणारच, त्यात तुमचा काही दोष नाही. पराग पुंकेसरांच्या टोकाला बारीक भोकं असतात तिथून पडतात, मोठे काळे भुंगे येऊन गुणगुणत ते हलवून काढतात. भुंगे येत नसतील तर सकाळी फुलामागे एक टिचकी मारायची, झालं.

आता अळी. शेंडे आणि फळं पोखरणारी. बाकी झाड टवटवीत, पाणी व्यवस्थित, आणि एखादाच शेंडा मान टाकून बसलाय असं दिसलं की समजायचं बाईसाहेब आल्या. शेंडा उभा चिरून बघा, आत पोकळ आणि गुलाबीसर अळी. एकदा आत शिरली की वरून कितीही निंबोळी तेल मारा, तिला ढिम्म फरक पडत नाही. त्यामुळे कात्री, सुकलेल्या भागाच्या बोटभर खालून कापायचं आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचं, कंपोस्टमध्ये अजिबात नाही, कारण पाल्यापाचोळ्यातच ती कोष करते. भोक पडलेलं वांगंही तसंच काढून टाकायचं, जीव तुटला तरी. ह्याच अळीसाठी ते बीटी वांगं (जनुकात बदल केलेलं) निघालेलं, २०१० च्या फेब्रुवारीत केंद्राने थांबवलं ते अजून थांबलेलंच आहे, बांगलादेशात मात्र लावतात. मला चार कुंड्यांना कात्री पुरते.

बी मी ऑगस्टअखेर टाकते. जूनमध्ये टाकलं की ऐन चातुर्मासात वांगी धरतात आणि आमच्या सासूबाई चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वांग्याला हात लावत नाहीत, मग सगळी वांगी शेजारी वाटत फिरा. भरताचं मोठं वांगं मात्र मंडईतनंच आणते, एवढ्याएवढ्या गोट्यांची भाजून सालं कोण काढत बसणार!