वीस गाठींचा दोरा
काल रात्री जुन्या परकराच्या नाडीला वीस गाठी मारल्या. एमिल कुए (१८५७–१९२६) या फ्रेंच औषधविक्रेत्याची ही युक्ती. झोपताना आणि जाग आल्यावर डोळे मिटून, स्वतःला ऐकू येईल इतपत पुटपुटत, आपण रोज सुधारतोय असं वीसदा म्हणायचं. गाठी कशाला, तर मोजण्यात डोकं अडकू नये म्हणून. आजीची जपमाळच की!

माझं वाक्य होतं, ‘मीटिंगमध्ये मी शांतपणे बोलते.’ ‘घाबरत नाही’ मुद्दाम टाळलं, त्यात आधी घाबरणंच आठवतं. रात्री अकराव्या गाठीला झोपले. सकाळी सातव्या गाठीला कुकरची शिट्टी 😄

दुपारी आवाज कापलाच. पण मुद्दा पूर्ण मांडला. टेबलाखाली बोटं नाडीवरच होती.