घडीचा कंदील

स्टॉलसमोर थांबलेल्या बाईंनी अष्टकोनी आकाशकंदील दोन्ही हातांनी उचलला, उजेडाकडे धरून त्याचा कागद निरखला, किंमत ऐकून नाकही मुरडले नाही, आणि मग मागे हेल्मेट घेऊन उभ्या असलेल्या यजमानांकडे वळून विचारले, "अहो, मांडीवर धरला तर येईल का?" यजमानांनी एकदा कंदिलाकडे, एकदा हातातल्या दोन पिशव्यांकडे पाहिले आणि "एक चक्कर मारून येतो" असे मला सांगून दोघेही गर्दीत मिसळले. प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्या प्रत्येकाला या वाक्याचा अर्थ ठाऊक असतो. चक्कर मारून परत येणारे मी बोटांवर मोजले आहेत.

ही गोष्ट २०२३ च्या नोव्हेंबरमधली, पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात भरलेल्या तीन दिवसांच्या दिवाळी प्रदर्शनातली. आकाशकंदील करायला मला सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी शिकवले. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने त्यांचे चौकोन बांधायचे, मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे म्हणजे तिला कीड लागत नाही, आणि शेवटी झिरमिळ्या चिकटवायच्या, असा हा सगळा क्रम अण्णांच्या बोटांत मुरलेला आहे. कामट्या बुरूड आळीतून येतात आणि कागद मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणते, कारण १९४० पासून हाताने कागद करणाऱ्या या संस्थेच्या कागदातून दिव्याचा उजेड जिलेटीनसारखा भडक न येता गाळल्यासारखा येतो. एका कंदिलाला मला साडेतीन तास लागतात. त्या वर्षी मी ४० कंदील केले होते, म्हणजे नुसत्या कंदिलांचे १४० तास.

आता हिशेब. तीन दिवसांचे भाडे ९,००० रुपये, त्यात सहा फुटांचे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक प्लग. माल नेण्या-आणण्याचा टेम्पो १,२०० रुपये. ६५० रुपयांचे ११ कंदील गेले, म्हणजे ७,१५० रुपये. माझ्या धाकट्या जावेने रंगवलेल्या सहा पणत्यांच्या संचाची किंमत १५० रुपये होती आणि असे ३४ संच गेले, त्यांचे ५,१०० रुपये. शिवाय उरलेल्या कागदातून केलेल्या छोट्या कंदिलांच्या २० माळा १२० रुपयांप्रमाणे विकल्या, त्यांचे २,४०० रुपये. एकूण विक्री १४,६५० रुपयांची झाली. भाडे, टेम्पो आणि विकलेल्या मालाचे ३,५०० रुपयांचे साहित्य वजा जाता हातात उरले ९५० रुपये. आमच्या दोघींच्या तीन दिवसांच्या जेवणाचे आणि चहाचे पैसे मी यात धरलेले नाहीत, आणि मजुरी तर धरण्यात अर्थच नव्हता.

पहिल्या रात्री मला वाटले की किंमत चुकली. प्रत्येक नवख्या विक्रेत्याला तसेच वाटते आणि दुसऱ्या दिवशी तो पाटी खोडून ५० रुपये कमी करतो. मीही केले. फरक पडला नाही, कारण किमतीवरून परत फिरणारी माणसे फार नव्हतीच, आणि जी होती ती "एवढ्याला?" असे विचारून तिथल्या तिथे निघून जात होती. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी किंमत पुन्हा ६५० केली. पहिल्या दोन दिवसांत एकही कंदील गेला नव्हता, त्यामुळे कमी केलेल्या किमतीचा हिशेबावर परिणाम झाला नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. खरी अडचण वेगळी होती. अठरा इंच उंच आणि तितकाच रुंद असा, आतून पोकळ, टोकदार आणि कागदाचा पदार्थ पुण्यासारख्या दुचाकीवाल्यांच्या गावात घरापर्यंत न्यायचा कसा, याचा विचार मी कधीच केला नव्हता. शेवटच्या दिवशी जे ११ गेले, त्यांतले आठ घेणाऱ्यांच्या हातात गाडीची किल्ली होती, म्हणजे चारचाकीची. हे माझ्या ध्यानात आले ते जावेमुळे, कारण ती पणत्या बांधून देता देता गिऱ्हाइकांच्या हातांकडे पाहत असे. पणत्या पिशवीत बसत होत्या, माळा पर्समध्ये बसत होत्या, आणि माझे कंदील दोरीला टांगलेले राहत होते.

उरलेले २९ कंदील घरी आले. ते माळ्यावर चढवताना माझी जी त्रेधा उडाली, तिच्यातूनच पुढचे सुचले, कारण न विकलेली पोकळ वस्तू सांभाळणे ही या धंद्यातली सर्वांत महाग गोष्ट आहे, आणि वर्षभर धूळ खाऊन फिकटलेला कागद पुढच्या दिवाळीला कोणी घेत नाही.

पुढच्या वर्षी मी सहा उभ्या चौकटी कापडी पट्टीने एकमेकींना जोडून षट्कोनी कंदील केला. तो वहीसारखा मिटतो, वर आणि खाली पुठ्ठ्याच्या सहा कोनांच्या दोन चकत्या अडकवल्या की उभा राहतो, आणि मिटलेला असताना दोन इंच जाडीच्या पाकिटात बसून स्कूटरच्या आकड्याला लटकतो. एलईडी दिव्यांनी हे शक्य केले, हेही सांगायला हवे. जुना ४० वॉटचा बल्ब कागदाच्या इतक्या जवळ ठेवला असता, तर तासाभरात कागद करपला असता. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते, त्यामुळे प्रदर्शन २५ ते २७ ऑक्टोबरला आले. महिनाअखेर होती, पगार व्हायचे होते आणि आजूबाजूचे सगळे हात बांधून बसले होते. तरीही किंमत ५० रुपयांनी वाढवून ठेवलेल्या माझ्या ३० कंदिलांपैकी २६ गेले. दाखवण्यासाठी ठेवलेला नमुना मात्र उघडमीट करून करून दुसऱ्या संध्याकाळी सांध्यात फाटला.

अण्णांनी तो कंदील हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "अगं, हा कंदील नव्हे, हा डबा आहे." मला उत्तर सुचले नाही, कारण ते खरे होते. अष्टकोनी कंदिलात चौकोन आणि त्रिकोण एकमेकांना पेलून धरतात, वाऱ्यावर तो फिरला की भिंतीवरचे कोन सरकतात. सहा सपाट चौकटींत ते नाही. विकले जाते म्हणून मी डबा करते, असे स्वतःशी म्हणणे मला अजूनही अवघड जाते.

तारखेचे गणित मला या तीन वर्षांनी शिकवले. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेले आणि प्रदर्शन पगारानंतरच्या कोरड्या हवेत पडले, तेव्हा माल चुकीचा होता. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला असल्यामुळे आम्हाला सप्टेंबरच्या अखेरीस, नवरात्रातच एका मैदानावरच्या मांडवात स्टॉल घ्यावा लागला. मांडव गळू लागला, आयोजकांनी ताडपत्री उशिरा आणली, आणि दमट हवेत खळ सैल पडून कागद कामट्यांवरून सुटू लागले. तेव्हापासून सांध्यांना मी फेविकॉल लावते आणि खळ फक्त कागदाच्या पृष्ठभागासाठी ठेवते. मोरचुदाचा कीड सोडून इतर कशावर इलाज चालत नाही.

"हे तर मी घरीसुद्धा करू शकते" असे म्हणणाऱ्या बायकांचा मला पूर्वी राग येत असे. त्या गेल्या वर्षी माझ्या उत्तम गिऱ्हाईक झाल्या, कारण मी तासलेल्या कामट्या, कापलेला कागद, दोरा आणि अण्णांच्या हाताने काढलेल्या आकृत्या असे अष्टकोनी कंदिलाचे संच पाकिटात भरून ३०० रुपयांना ठेवले होते. त्यांतल्या किती जणींचे कंदील पुरे झाले, हे मी विचारत नाही. एकीने मात्र फोटो पाठवला. तिच्या कंदिलाला सात कोन आले होते आणि तो गॅलरीत छान लटकत होता.

या वर्षी अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. ३० ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या दिवसांचा स्टॉल मी छप्पर असलेल्या सभागृहात घेतला आहे. ४० घडीचे कंदील, ६० संच आणि पणत्या जावेच्या हातच्या, असा बेत आहे. अण्णांचा एक अष्टकोनी कंदील दोरीला टांगायचा आहे, त्याची किंमत त्यांनी १,८०० रुपये सांगितली आहे, आणि घासाघीस झाली तर त्यांच्याशी फोनवर बोलावे लागेल, असेही बजावले आहे.