सोलापूरच्या खानावळीत भूकंपाच्या गप्पा

एप्रिलात सोलापूरला लग्न ठेवणाऱ्यांना शिक्षा झाली पाहिजे. हळद, लग्न, सिद्धेश्वराचं दर्शन, चादरींची खरेदी, सगळं घामात वाहून गेलं. लॉजच्या पंख्याबद्दल न बोललेलंच बरं.

लक्षात राहिली ती स्टँडजवळची खानावळ. त्याच आठवड्यात, 3 एप्रिल 2025 ला, सांगोल्याजवळ 2.6 तीव्रतेचा भूकंप झाला होता. एवढासा धक्का पुष्कळांना जाणवतही नाही. पण शेजारच्या टेबलावरचे एक काका शेंगाचटणी मागत मागत मोबाइलवरचा मेसेज मोठ्यानं वाचत होते : अमक्या तारखेला मोठा येणार, कुत्री रडायला लागलीत. वर आणि, "आता यंत्रं आहेत, आधीच कळतं." मला अशा लोकांचा मनस्वी कंटाळा आहे.

कडक भाकरी वाढणाऱ्या मावशी थांबल्या. "आमाला तर भुईनंच वर्सभर आदी सांगितलं व्हतं. काय उपेग झाला?"

मावशी किल्लारीकडच्या. 1992 च्या पावसाळ्यापासून तिकडे जमीन गुरगुरत होती. उतरंडीची भांडी वाजायची, माणसं भिऊन अंगणात झोपायची. 18 ऑक्टोबरचा धक्का त्यातला सगळ्यात मोठा. "मग थांबलं की. किती दिस बाहेर झोपायचं?" 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारला काही मिनिटं असताना, गणपती बोळवून दमलेली गावं घरात झोपली होती. जवळजवळ दहा हजार माणसं गेली.

काका गप्प झाले. मावशींच्या त्या 'थांबलं की'पाशी भूकंपशास्त्रही अडतं. असे बारीक धक्के कितीतरी ठिकाणी महिनोन्महिने बसतात आणि विरून जातात. ते पूर्वसूचना होते हे ठरतं मोठा येऊन गेल्यावर. कोयनेला 1967 च्या भूकंपानंतर इतकी वर्षं धक्के मोजतायत, विहिरींतली पाण्याची पातळी तपासतायत, जमिनीत खोल भोकं पाडलीयत. तरी मोठा भूकंप कुठल्या दिवशी येईल हे कुणी छातीठोक सांगत नाही. किल्लारीचा भ्रंश, म्हणजे जिथं खडक सरकतात ती जमिनीतली भेग, तर बेसाल्टच्या काळ्या दगडाखाली दडलेला. नंतर तिथे 617 मीटर खोदलं, तेव्हा 338 मीटरवर हा काळा दगड संपून जुना खडक लागला. जपानात मोबाइल वाजतो, पण तोही भूकंप सुरू झाल्यावर, जोराच्या लाटा पोचण्याआधीचे काही सेकंद. गाव भ्रंशाच्या डोक्यावरच असेल तर तेवढेही मिळत नाहीत.

"भूकंपानं न्हाई मारलं दादा, माळवदानं मारलं," मावशी म्हणाल्या. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकडं आणि त्यावर हातभर माती. उन्हाळ्यात गारेगार. त्या लॉजपेक्षा नक्कीच.

पुण्याची गाडी लागायची वेळ झाली होती. जादाच्या दोन भाकऱ्यांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, मी बराच हट्ट केला तरी.

"तुमी कितव्या मजल्यावर ऱ्हाता?"

"सातव्या."

"मग खांबात लोखंड किती घातलंय, इचारलं व्हतं का बिल्डरला?"

मी पार्किंगचं विचारलं होतं.