ऑपरेशन निभावलं, फिल्ड टेस्टने रडवलं

मेंदूतल्या धमनीवरचा फुगा (अ‍ॅन्युरिझम) ऑपरेशनने क्लिप लावून बंद करून घेतला, त्याला सहा महिने झाले. टाके, आयसीयू, भादरलेलं डोकं, सगळं विसरत चालले आहे. डोळ्यांच्या विभागातली ती खिडकी विसरता येत नाही.

माझा अ‍ॅन्युरिझम उजव्या डोळ्याची धमनी निघते तिथेच होता, दृष्टीच्या नसेला रेटणारा. सर्जन म्हणाले, "आधी फिल्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं त्याची चाचणी, करून आणा. आज नजर किती आहे हे कागदावर नसेल, तर नंतर किती नजर वाचली ते कळणार कसं?"

खिडकीवर उत्तर मिळालं, "ते मशीन काचबिंदूच्या पेशंटसाठी. मंगळवार-शुक्रवार. नंबर बारा दिवसांनी." ऑपरेशन आठ दिवसांवर! चिठ्ठी दाखवली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांची सही हवी. सहीसाठी नवा केसपेपर, आणि ती खिडकी साडेअकरालाच बंद. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सहीबरोबर 'तातडीचे' असं लिहिलं, तेव्हा कुठे आत घेतलं. पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, ठिपका चमकला की बटण दाबायचं. सकाळपासून उपाशी उभी होते. नजर मधल्या खुणेवरून सारखी ढळली आणि चाचणी ग्राह्य धरता येत नाही म्हणाले. पुन्हा नंबर लावा! तिथेच रडू फुटलं. शेवटी तंत्रज्ञ ताईंनी दुपारी मशीन रिकामं झाल्यावर परत बसवलं. कागदावर नाकाच्या बाजूच्या नजरेत काळा डाग निघाला, म्हणजे तिथलं दिसत नव्हतं. मला तो कधी जाणवलाच नव्हता.

म्हणून सांगते, पोटभर खाऊन जा, चष्मा न्या. बाहुली मोठी करायचे थेंब चाचणीनंतरच घालू द्या.

ऑपरेशनमध्ये नजर कशी जपणार, हे सर्जनना जरूर विचारा. माझ्या मिटल्या पापण्यांवर चमकणारे दिवे लावून, मेंदूपर्यंत संदेश पोचतोय का ते डोक्यामागे लावलेल्या तारांवरून पाहत होते. त्यासाठी भूलही शिरेतून दिली. नसेजवळचं हाड ड्रिलने काढताना उष्णतेने नस भाजू नये म्हणून सतत पाणी सोडतात. क्लिप बसल्यावर शिरेतून हिरवं औषध देऊन डोळ्याची धमनी वाहती असल्याची खात्री केली. हे आधी ऐकलं होतं म्हणून थिएटरमध्ये जाताना धीर राहिला.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा फिल्ड झाली. जुना कागद शेजारी धरला, डाग लहान झाला होता! त्या कागदाची झेरॉक्स मीच ठेवली होती, फाइलमधला सापडत नव्हता. आणि हो, फिल्डचा नंबर ऑपरेशनची तारीख मिळते त्याच दिवशी लावा.