हो, तालुका केज, जिल्हा बीड

"बीडच्या का तुम्ही? तिकडं खरंच एवढी गुंडगिरी आहे?" मी पुण्यात नर्स आहे. हा प्रश्न मला पेशंट विचारतात, त्यांचे नातेवाईक विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली अनोळखी बाईही विचारते. मस्साजोगनंतर तर त्यात खंड नाही. आजवर मी विषय बदलत आले. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण मग पूर्ण ऐकून घ्या.

मस्साजोग आमच्याच तालुक्यात. ९ डिसेंबर २०२४ ला तिथले सरपंच संतोष देशमुख यांना पळवून नेलं आणि हाल करून मारलं. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असं दोषारोपपत्र म्हणतं. मारहाणीचे फोटो २०२५ च्या मार्चमध्ये बाहेर आले. ते मी अजून पूर्ण बघू शकलेले नाही. पण मला एक सांगा, आरोपी बीडचे म्हणून बीड गुंडांचं झालं, तर ज्यांचा जीव गेला ते कुठले होते? २८ डिसेंबरला बीड शहरात जो मोर्चा निघाला त्यातली माणसं कुठली होती? आमच्या वस्तीवरूनही जीप भरून गेली होती. दहशत आहे हे पक्कं ठाऊक असताना, उद्या त्याच गावात राहायचं असताना गेली होती. त्यांच्या नावाने बीड ओळखावं असं कुणालाच का वाटलं नाही?

दहशत होती, आहे. जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने होते, हे मी नाकारत नाही. वाळू, परळीच्या वीज केंद्राची राख, टेंडर यांवर कुणाची माणसं बसलेली असतात हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. हेही आमचंच. हे सगळं मी तुमच्याआधी बोलेन, तुमच्याहून जास्त चिडून बोलेन.

तरी जानेवारीतली ती दुपार माझ्या डोक्यातून जात नाही.

धाकटा भाऊ स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात आला होता. दोघांना मिळून सिंहगड रोडला एक फ्लॅट पसंत पडला. मालक निवृत्त गृहस्थ, बोलायला मऊ. भाडं ठरलं, टोकन दिलं. कागदपत्रं द्यायच्या दिवशी नाना, आमचे वडील, गावाहून आले होते. पोरं कुठं राहणार ते त्यांना बघायचं होतं. येताना मालकांसाठी त्यांनी हुरडा आणला होता.

चहा झाला. मालकांचं मूळ गाव सांगलीकडचं आहे हे कळल्यावर नाना एकदम खुलले. "त्या अंगाला लई हंगाम काढले आम्ही," म्हणाले. ऊसतोडीचे हंगाम. नाना आणि आई मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, दिवाळीच्या सुमाराला निघायचं, पाडवा आला की परतायचं. मी आजीजवळ राहून शिकले. मालकही हसून म्हणाले, "आमच्या वडिलांच्या उसाला बाहेरचीच टोळी असायची. कामाला वाघ माणसं. तुम्ही कुठले?" नाना म्हणाले, "केज. बीड जिल्हा." त्याच वेळी भावाने आधारच्या झेरॉक्स पुढे केल्या.

त्यांनी त्या वाचल्या. मग फोन घेऊन आत गेले. बराच वेळ आतून मुलाशी बोलण्याचा आवाज येत होता. बाहेर आले तेव्हा हातात पाकीट होतं. "तुमच्याबद्दल काही नाही हो. पण सोसायटीत सध्या वातावरण... मुलगा नको म्हणतोय."

मी उठले. नाना उठले नाहीत. त्यांना वाटलं, ओळख पटली नाही म्हणून अडलंय. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना लावून देतो. मुकादमाला लावतो. पोलीस पाटलाला विचारा. माझ्या पोरांच्या नावावर एक तक्रार निघाली तर सांगा." एकेक नंबर शोधत होते. चष्मा नव्हता, म्हणून मोबाइल लांब धरून. मालक हात जोडून नुसते "नको, नको" म्हणत होते. उभा जन्म दुसऱ्याच्या रानात घाम गाळलेला माणूस अनोळखी दिवाणखान्यात आपल्या लेकरांचा चांगुलपणा सिद्ध करायला धडपडत होता, आणि मी त्यांच्या दंडाला धरून "चला नाना" म्हणत होते. हुरड्याची पिशवी त्यांनी तिथेच ठेवली. दिलेलं परत घ्यायचं नसतं म्हणाले.

त्या गृहस्थांचा मला राग आहे. पण टीव्हीवर रोज तेच बघून त्यांच्या मुलाला भीती वाटली, हेही मला कळतं. दोन्ही एकदम वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

नर्सिंगला असताना मुली "मागास जिल्हा" म्हणायच्या, तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार असे. अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, परळीला वैजनाथ. २०१६ ला बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा यादीत तेही आलं. ती यादी म्हणणारी मी आता मला पटत नाही. मुकुंदराजांमुळे आम्ही सज्जन ठरत नाही, तसे खुन्यांमुळे गुंडही ठरत नाही. तरी कुणी फार बोललं की तीच यादी आजही माझ्या तोंडावर येते.

मला आणखी खुपतं ते "तुमच्याकडच्या बायका गर्भपिशव्या काढून टाकतात म्हणे" हे. २०१९ च्या सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची ती शस्त्रक्रिया झालेली निघाली. माझी आई तिशीतच त्यातून गेली. दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली होती. पाळीत, दुखण्यात एक दिवस बसलं तर मुकादम खाडा लावतो, पैसे कापतो, ही दुसरी भीती. हा बीडच्या बाईचा अडाणीपणा म्हणायचा, तर ती ज्यांच्या फडात वाकली होती ते शेतकरी, ते कारखाने, तुमच्या-माझ्या चहातली साखर, यांना काय म्हणायचं? उसाच्या हिशोबात बीड तुमचं असतं आणि बदनामीत एकट्या आमचं.

आणि एक. "बीडच्या का?" नंतर पुढचा प्रश्न बहुतेक वेळा असतो, "आडनाव काय?" मराठा की वंजारी, एवढं कळलं की समोरच्याला माझं मत काय असणार हे ठरवता येतं. हा रोग आमच्याकडे आधी आहे. २०२५ मध्ये बीड पोलिसांनी आपल्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली ती उगीच नाही. आमच्या गावात चहाच्या हॉटेलांची बाकं वाटली गेली आहेत, पूर्वी तसं नव्हतं. पण पुण्यातले सुशिक्षित लोकही तेच विचारतात, तेव्हा आम्हाला नावं ठेवायचा त्यांना काय अधिकार? इथेही मी माझं आडनाव सांगणार नाही.

भावाने आधारवरचा पत्ता पुण्याचा करून घेतला. त्याला दुसऱ्याच फेरीत खोली मिळाली. तो म्हणतो, "ताई, मला अभ्यास करायचाय, जिल्ह्याची वकिली नाही." माझ्या कार्डावर अजून केजच आहे. नाना त्याच्या बाजूने आहेत, आई माझ्या. आणि यावरून आमच्या घरात अजून भांडणं होतात.