सांगितल्याशिवाय

‘द सिम्स’ या संगणकावरच्या गेममध्ये ‘फ्री विल’, म्हणजे आतल्या माणसांची मनमर्जी, चालू ठेवून त्यांना एकही हुकूम न देता नुसतं बघत बसता येतं. माझी भाची याला खेळणं म्हणत नाही. तिच्या मते मामा फक्त तिच्या लॅपटॉपची बॅटरी संपवतो. पण त्या गेममधलं मला एवढंच आवडतं. घर बांधून झालं, आत तीन माणसं सोडली, आता आपलं काम संपलं. बघू काय करतात.

करतात काय, तर फारसं काही नाही. एकजण उठतो, फ्रीज उघडतो, खातो आणि ताट तिथंच जमिनीवर ठेवून निघून जातो. दुसरी टीव्ही लावून बसते. तिसऱ्याच्या वाटेत कुणीतरी उभं असतं, तर बाजूनं जायचं सोडून तो वर बघत हात हलवून तक्रार करायला लागतो. वर म्हणजे माझ्याकडं. घराला छत नाही आणि वरून कुणीतरी बघतंय, हे त्यांना पक्कं ठाऊक.

आतला हिशेब मात्र मजेदार आहे. २००० साली आलेल्या पहिल्या गेममध्ये प्रत्येक माणसाच्या आठ गरजा होत्या: भूक, झोप, आराम, अंगाची स्वच्छता, संडास, करमणूक, माणसांची सोबत आणि आजूबाजूची खोली बरी दिसणं. वेळ जाईल तशा या गरजा रित्या होत जातात. आता आपल्याला वाटेल की भूक लागली की माणूस डोकं चालवून फ्रीजकडं जात असेल. तसं नाही. फ्रीजच त्याला बोलावतो. घरातली प्रत्येक वस्तू सतत ओरडत असते, मी तुझी भूक भागवीन, मी तुझी करमणूक करीन. सणाच्या आदल्या दिवशी बेळगावच्या गणपत गल्लीतून चालत जावं तसं हे आहे. दोन्ही बाजूंनी हाका, मराठीत, कानडीत, समोरच्याचा चेहरा बघून उर्दूतही; आणि आपण वळतो ते आपल्याला जे हवंय आणि जे जवळ आहे त्याच्याकडं. पोट भरलेल्याला भजीवाल्याची हाक ऐकू येत नाही. सिमचंही, म्हणजे गेममधल्या माणसाचंही, तेच. गरज जेवढी रिती तेवढी त्या वस्तूची हाक मोठी, अंतर जेवढं जास्त तेवढी बारीक. सगळ्यात वरच्या दोन-चार हाकांतून तो एक उचलतो, थोडी चिठ्ठी टाकल्यासारखी, नाहीतर सगळेच यंत्रासारखे वागले असते.

म्हणजे अक्कल माणसात नाही, फ्रीजमध्ये आहे. गेम बनवणाऱ्यांना याचा मोठा फायदा झाला. पुढं त्यांनी घरात नवीन काही आणून ठेवलं तर ते कसं वापरायचं हे माणसांना वेगळं शिकवावं लागलं नाही. वस्तू स्वतःच सगळं सांगत येते.

या गेमची कल्पना विल राइट या माणसाची. १९९१ साली कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर मोठी आग लागली, त्यात त्याचं घर गेलं. पुन्हा संसार उभा करताना कुठली वस्तू आधी लागते, कुठली नंतर, कुठली लागतच नाही, याचा विचार त्याच्या डोक्यात सुरू झाला. आधी तर त्याला घरं बांधायचा गेम करायचा होता. माणसं होती ती फक्त घर चांगलं झालंय की नाही ते राहून सांगण्यापुरती. पुढं माणसांनीच घर बळकावलं.

त्यातला एक तपशील मला फार आवडतो. गेम तयार होत असताना ही माणसं आपली आपण इतकी चांगली जगायला लागली होती, की खेळणाऱ्यानं काहीही हुकूम दिला तरी त्यांचं आधीपेक्षा वाईटच व्हायचं. मग बनवणाऱ्यांनी त्यांना मुद्दाम थोडं मंद केलं. खाणं, झोपणं, टीव्ही हे त्यांचं त्यांनी बघावं. नोकरीत वर चढायचं, मैत्री वाढवायची, असली लांबची कामं खेळणाऱ्यासाठी राखून ठेवली. नाहीतर खेळणाऱ्याची गरज काय?

आईला पडद्यावरची माणसं खरी की खोटी याच्याशी काही देणंघेणं नाही. ती मागं येऊन उभी राहते. ही माणसं कुठलीच खरी भाषा बोलत नाहीत, बनवणाऱ्यांनी त्यांना नुसती बडबड दिली आहे. बेळगावच्याच शहापुरात जन्म गेल्यामुळं आईच्या कानाला दोन भाषा सरावाच्या, तिसरी ओळखीची. ‘काय बोलूलेत रे हे? कानडी तर नव्हे,’ असं एकदा विचारून झालं आणि मग तिनं थेट कामाचं काढलं. ‘त्याला सांग की, ताट उचल म्हणून.’

‘आज्जी, मामानं त्यांना मोकळं सोडलंय. सांगायचं नसतं,’ भाची म्हणाली.

‘सांगितल्याशिवाय कोण काय करतंय काय गं?’

आमचं घर याच तत्त्वावर चालतं. पाणी आलंय, बॅरल लाव. दळण आणलंस काय? खिडकी ओढ, पाऊस येतोय. मध्ये आई मावशीकडं निपाणीला राहायला गेली होती. आम्ही सगळे मोकळे सुटलो. आणि घर चाललं की! वेळेवर जेवण, वाळत घातलेले कपडे आत, गॅसचा नंबर लावलेला, दळणसुद्धा आलं. आई परत आली, पिशवी ठेवली, चप्पल काढायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावली. ओटा स्वच्छ होता. तिचा चेहरा पडला. मग तिनं हळदीचा डबा शोधून काढला, तो चुकीच्या फळीवर होता, आणि तेव्हा कुठं तिला बरं वाटलं.

तेव्हापासून काही कामं मी आईच्या हुकमासाठी ठेवून देतो. कुकरच्या शिट्ट्या मला मोजता येत नाहीत, असं घरात ठरलेलं आहे.

सिम्सच्या पुढच्या आवृत्त्यांत माणसांना स्वभाव दिले. २००९ च्या तिसऱ्या गेममध्ये नीटनेटका माणूस न सांगता भांडी आवरतो, गबाळा नाही आवरत. आईला ते पटलं नाही. नीटनेटका पुरुष आपणहून भांडी घासतो हे तिला गेममधलंच वाटलं.

आता वस्तूंनी बोलावल्याशिवायच ठरवणारी माणसंही आली आहेत. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आणि गूगलमधल्या संशोधकांनी सिम्ससारखं एक गाव संगणकावर वसवलं, त्यात पंचवीस माणसं सोडली आणि त्यांचं बोलणं-ठरवणं चॅटजीपीटीच्या भाषायंत्राकडं दिलं. त्यातल्या कॅफे चालवणाऱ्या बाईच्या मनात संशोधकांनी एवढंच घातलं, की तिला १४ फेब्रुवारीला पार्टी द्यायची आहे. बाकी तिनं केलं. येईल त्या गिऱ्हाईकाला सांगितलं, सजावटीला मैत्रीण धरली, मैत्रिणीनं आपल्या आवडत्या मुलाला बोलावलं, तोंडातोंडी गावात झालं.

बारा जणांना निमंत्रण गेलं आणि पाच आले. न आलेल्या सातांना संशोधकांनी कारण विचारलं. तिघांनी कामं सांगितली. उरलेल्या चौघांनी विचारल्यावर यायला आवडेल असं म्हटलं होतं, पण त्या दिवशी यायचं काही त्यांनी ठरवलंच नव्हतं.

हे मी आईला सांगितलं. यंत्रातली माणसं, पंचवीस जणांचं गाव, कुणीही न शिकवता निमंत्रण कसं फिरलं, सगळं. तिनं शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं.

‘आणि जेवण किती जणांचं केलं होतं?’